तारण कोणाचं, आणि रक्कम कोणाला पोचली?

डिचोलीकर (शनिवार, रात्री ९.४०)

मंडळी, धागा धार्मिक आहे पण भांडणासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसतो. बावीस वर्षं झाली. 'तारण' हा शब्द दिवसातून शंभरदा लिहितो, त्यामुळे त्याच्यातला देव कधीच निघून गेलाय.

काल गुड फ्रायडेला शेजारच्या आंटीला इगर्जीत घेऊन गेलो. तिचे गुडघे कामातून गेलेत, मुलगा तारवटी आहे, बोटीवर असतो, सुनेची ड्युटी होती. गाडी मी काढली. दुपारचे तीन. त्या दिवशी घंटा वाजवत नाहीत. एक पोरगा लाकडी फळीचं काहीतरी कट् कट् कट् वाजवत होता. वेदी उघडी, वर कापडसुद्धा नाही. मग लोक रांगेने जाऊन क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या पायांचा मुका घ्यायला लागले. बाजूला उभा असलेला एक जण प्रत्येक मुक्यानंतर पाय रुमालाने पुसायचा. आंटीला धरून मी पुढे गेलो म्हणून अगदी हातभरावरून पाहिलं. छातीवरचं, कपाळावरचं रक्त तांबडंलाल, काल रंगवल्यासारखं. पायाच्या खिळ्याभोवती मात्र रंगच नव्हता. मुके घेऊन घेऊन आणि पुसून पुसून तिथे आतलं लाकूड दिसत होतं.

परत येताना आंटीला विचारलं, एवढं रक्त कशाला गं? ती म्हणाली, "ताणें आपलें रगत दिवन आमकां सोडयल्यात, पुता."

आता माझं डोकं पतसंस्थेचं. सोडवलं, म्हणजे गहाण पडलं होतं. गहाण होतं, म्हणजे कोणीतरी सावकार होता. तो कोण? देव? मग देवाने आपल्याच खिशातून काढून आपल्याच खिशात घातले का? सैतान? त्याचा हक्क कुठून आला? आणि देव दयाळू आहे तर नुसतं "जा, माफ केलं" म्हणायला काय हरकत होती? रक्त कशाला मध्ये?

आंटीला हे सगळं विचारायचं धाडस झालं नाही. तुम्हाला विचारतो.

फोंड्याचा_फणस

"भांडणासाठी नाही" वाचलं आणि जत्रेतलं खाजं घेऊन बसलो.

पेडण्याचा_पेद्रू

मी ख्रिस्ती, पण प्राथमिक शाळा मराठी, म्हणून हिंमत करतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात क्रूसापासून करू नका, इजिप्तपासून करा. बायबलातल्या निर्गमाच्या बाराव्या अध्यायात गुलाम इस्राएली लोकांना सांगितलंय की कोकरू मारा, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावा, त्या रात्री मरण तुमचं घर ओलांडून जाईल. तोच वल्हांडण सण. येशूला मारलं ते त्याच सणाच्या दिवसांत. म्हणून योहान त्याला देवाचा कोकरा म्हणतो, आणि आम्ही प्रत्येक मिसाला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, तेच म्हणतो.

दुसरं, लेवीयाच्या सतराव्या अध्यायात म्हटलंय की शरीराचा जीव रक्तात असतो. म्हणजे रक्त वाहिलं म्हणजे जीव दिला. रक्त ही मरणाची खूण आहे असं आपल्याला वाटतं, त्या लोकांना ती जिवाची खूण वाटायची. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा मला पण सुटलेला नाही.

सत्तरीची_वाट

पेद्रूबाब, हे आम्हाला समजावून सांगायला नको. आमच्याकडे राखणदाराला (गावाची राखण करणाऱ्या देवाला) कोंबडा देतात, आणि ज्यांच्या घरात आता कापत नाहीत ते कोहळा कापतात आणि वर कुंकू ओततात. कोहळ्याला रक्त नाही म्हणून कुंकू. लहानपणी मला कोहळ्याचीच जास्त भीती वाटायची, कारण कोंबडा निदान ओरडायचा.

आणि आमच्या जर्म्याचा चोरोत्सव बघा कधी. शिगम्यात जिवंत माणसांना गळ्यापर्यंत मातीत पुरतात. निरपराध माणसांना चोर समजून मारलं, त्याचं हे प्रायश्चित्त, असं जुने लोक सांगतात. निरपराधाचं रक्त गावावर राहतं आणि ते फेडावं लागतं, ही समजूत फक्त बायबलातली नाही.

तर्ककर्कश

थोडक्यात, सगळीकडे अडाणी काळातली भीती. कोंबडा, बकरा, कोकरू, माणूस. देव रागावलाय, त्याला रक्त दाखवा. यात तत्त्वज्ञान शोधणं म्हणजे खाटकाच्या दुकानात वेदान्त.

नगरकर_वास्कोत

@तर्ककर्कश, इतकं सोपं नाही. मी प्रॉटेस्टंट, आजोबा अहमदनगरचे, वडील गोदीत नोकरीला वास्कोला आले. आमच्या घरात रोज बायबलातलं इब्री लोकांस पत्र वाचलं जायचं. त्यात स्पष्ट आहे, रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही. कारण पाप म्हणजे चूक नव्हे, पाप म्हणजे कर्ज आणि गुन्हा दोन्ही. न्यायाधीश दयाळू असला तरी गुन्हा फाइलीतून गायब करू शकत नाही. शिक्षा कोणीतरी भोगायलाच हवी. ती त्याने स्वतःवर घेतली.

@डिचोलीकर, तुमच्या धंद्यातला आणखी एक शब्द आमच्या मराठी बायबलात आहे. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलोय. लहानपणी मला वाटायचं, खंडणी मागतात ती गुंडांची टोळी. पेपरात तसंच असायचं.

फोंड्याचा_फणस

खंडणीविरोधी पथकाला कळवलं का?

तर्ककर्कश

@नगरकर, तेच पत्र नीट वाचा. त्याच वाक्यात आधी 'बहुतेक' असा शब्द आहे: नियमशास्त्राप्रमाणे बहुतेक सगळं रक्ताने शुद्ध होतं. बहुतेक, सगळं नव्हे. आणि लेवीयाच्या पाचव्या अध्यायात काय आहे? पापार्पणाला मेंढी आण. मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे. तेही परवडत नसतील तर एक दशांश एफा (एफा हे जुनं माप) पीठ. पीठ! रक्ताचा थेंब नाही आणि पाप माफ. म्हणजे सत्तरीच्या कोहळ्याच्या एक पाऊल पुढे.

मी नास्तिक असलो तरी वाचन करून बोलतो.

सत्तरीची_वाट

पीठाची गोष्ट आवडली. गरिबाला सूट ठेवणारा कायदा अडाणी कसा, ते मात्र आता तुम्हीच सांगा.

नगरकर_वास्कोत

'बहुतेक' मान्य. पिठाचंही मान्य, ते मी विसरलो होतो. पण ते पीठ वेदीवर इतर अर्पणांवरच जाळायचं असतं, हेही वाचा. गरिबाची मूठ श्रीमंताच्या मेंढीवर पडते.

तर्ककर्कश

हे वाक्य छान आहे. अर्थात मुद्दा सुटत नाही.

इतिहासप्रेमी_तिसवाडी

रक्ताचा विषय निघालाच आहे तर जुन्या गोव्याच्या हातकातरो खांबाबद्दल कोणी बोलणार आहे का? १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. तारण करायला आलेल्यांनी किती रक्त

संपादक

प्रतिसादाचा पुढचा भाग उडवला आहे. इन्क्विझिशनवर दोन धागे आधीच आहेत, तिथे जा.

कुंकळ्ळीचो

उडवलंत ते ठीक. पण एक ओळ ठेवू द्या. आमच्या गावात १५८३ साली पाच जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रचारक) मारले गेले, त्यांना चर्च हुतात्मे म्हणते. नंतर गावच्या गांवकारांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याला बोलावून मारलं, त्यांनाही गाव हुतात्मे म्हणतं. रक्तसाक्षी म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाच्या घरी विचारता त्यावर आहे.

संपादक

ही ओळ राहू दे.

पाव_आणि_भाजी

विषयांतर करते, माफ करा. लेवीयात म्हणे रक्त खाणं सक्त मना. मग आमच्या शेजारी नाताळात होणारं सोरपोतेल? त्यात डुकराचं रक्त घालतात, निदान जुन्या पद्धतीत.

पेडण्याचा_पेद्रू

बाय गं, डुक्कर हेच मोशेला चालत नव्हतं, रक्त तर पुढची गोष्ट!

पण तू विनोदाने म्हणालीस ते खरं तर मोठं आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या ख्रिस्ती लोकांनासुद्धा रक्त वर्ज्य करा असं सांगितलंय. जीव देवाचा, तो तू खायचा नाहीस. आणि अशा लोकांसमोर उभा राहून येशू म्हणतो, माझं रक्त प्या. योहानाच्या सहाव्या अध्यायात हे आहे. ऐकून बरेच शिष्य सोडून गेले, तेही तिथेच लिहिलंय. मला हा भाग आवडतो, कारण लिहिणाऱ्याने ते लपवलं नाही. गेलेल्यांना मी दोष देत नाही. माझी आई सोवळ्यातल्या शेजारणीसमोर हे वाक्य कधी बोलली नसती.

फोंड्याचा_फणस

मग तुम्हाला मिसाला वाइन का देत नाहीत? सगळी पाद्रीच पितो. हा माझा लहानपणापासूनचा प्रामाणिक प्रश्न आहे.

पेडण्याचा_पेद्रू

हा हा. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने लोकांना प्याला न देण्याची चाल पक्की केली. शिकवण अशी की भाकरीतसुद्धा सगळा ख्रिस्त आहे, रक्तासकट. आता काही प्रसंगी प्याला देतात. आणि तो वाइनमध्ये पाण्याचे थेंब घालतो ते पातळ करायला नव्हे. योहान लिहितो की कुशीत भाला मारला तेव्हा रक्त आणि पाणी निघालं. ते पाणी म्हणजे आपण, असं आम्हाला कातेकिझमात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवलं. एकदा वाइनमध्ये पडलं की वेगळं काढता येत नाही.

नगरकर_वास्कोत

इथे आमचं तुमचं वाजतं. इब्रीच्या दहाव्या अध्यायात 'एकदाच' आहे. एकदाच अर्पण झालं. तुम्ही रोज सकाळी साडेसहाला परत करता.

पेडण्याचा_पेद्रू

परत करत नाही हो. ट्रेंटच्या सभेतही हेच सांगितलंय, बळी तोच, पद्धत वेगळी, रक्त न सांडता. इथे गोव्यात दिवाळीला नरकासुर जाळतात, म्हणजे कृष्णाने त्याला दर वर्षी मारला असं नव्हे ना?

(उपमा लंगडी आहे. माझ्या पाद्रीने ऐकली तर मारेल.)

खाजनातली_शेवटी

मूळ प्रश्नाकडे येते, कारण डिचोलीकरांचा हिशेबी प्रश्न सतराशे वर्षं जुना आहे आणि त्याची चांगली उत्तरं नाकारली गेलेली आहेत.

पहिल्या काही शतकांत खंडणी हा शब्द अगदी सरळ घेतला गेला. माणूस सैतानाकडे गहाण होता, देवाने किंमत म्हणून ख्रिस्त दिला. चौथ्या शतकातला निस्साचा बिशप ग्रेगोरी तर म्हणतो की ती किंमतही नव्हती, गळ होता. वरून माणसाचं मांस आमिष, आत देवपणाचा काटा. सैतान चेरली माशासारखा गिळून बसला आणि अडकला. आमच्या बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, गळाला काटा असतो ते माशाला माहीत नसतं, सैतानाला नसेल कसं?

त्याच्याच काळातला दुसरा ग्रेगोरी, नाझियान्झसचा, भडकला. चोराला खंडणी? ही तर लाजिरवाणी गोष्ट. आणि देवबापाला द्यायची म्हटली, तर आपण बापाच्या तावडीत होतो का? नेमका तुमचा प्रश्न, डिचोलीकर. सावकार सापडत नाही.

मग अकराव्या शतकाच्या शेवटी, १०९८ च्या सुमारास, कँटरबरीच्या आर्चबिशप आन्सेल्मने सैतानालाच हिशेबातून काढलं. म्हणाला, पापाने देवाच्या मानाला बट्टा लागला, आणि मान किती मोठा तितकी भरपाई मोठी. माणसाने द्यायला हवी पण देवच देऊ शकेल, म्हणून देव-माणूस. मला यात कायम आपला भाटकार, म्हणजे जमीनमालक, दिसतो. मुंडकाराने (त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाने) भाटकाराचा अपमान केला तर साधी माफी पुरत नाही, कारण प्रश्न नारळाचा नसतो, मानाचा असतो. आन्सेल्म सरंजामी युरोपात राहत होता, त्याला देव त्याच पोशाखात दिसला. नगरकरांचा न्यायाधीशवाला देव त्याच घराण्यातला, फक्त चारशे वर्षांनी धाकटा. भाटकाराचा कोट जाऊन वकिलाचा आला.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी आबेलार म्हणाला की सगळी वसुलीची भाषाच सोडा. क्रूस बघून माणसाचं मन पाझरतं, तेच तारण.

माझं मत विचाराल तर आबेलार गोड आहे पण अपुरा. नुसतं मन पाझरवायला कोणी मरत असेल तर ते नाटक झालं.

सत्तरीची_वाट

भाटकाराची उपमा एक नंबर. आमच्या आजोबांनी भाटकारासमोर कधी चप्पल घातली नाही.

ओवीवाला

चप्पल ऐकून बायबलातल्या रूथची गोष्ट आठवली, ती शेवटी सांगतो. आधी एक गोष्ट राहून गेली, मराठी धाग्यावर कोणीच कसं काढली नाही? ही रक्ताची गोष्ट गोव्यात मराठीत पहिल्यांदा छापली गेली ती १६१६ साली, राशोलला, रोमी लिपीत. क्रिस्तपुराण. लिहिणारा फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ ला गोव्यात आला तो १६१९ ला इथेच मेला. जवळजवळ अकरा हजार ओव्या. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं काढून घेतली होती, त्यांना पुराण हवं होतं, याने दिलं. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. विचार करा, यहुद्यांचा कोकरा, रोमचा क्रूस आणि शेवटी वैकुंठ, सगळं ज्ञानेश्वरीच्या छंदात. भाषांतर करताना तत्त्वज्ञान बदलतंच.

आता रूथ. हिब्रूत 'गोएल' म्हणून एक नातं आहे. भावकीतल्या कोणाची जमीन गहाण पडली, कोणी कर्जापायी गुलाम झाला, तर जवळच्या नातेवाइकाने ते सोडवायचं. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे. रूथच्या सासूची, नामीची, जमीन सोडवायला बवाज हा नातेवाईक तयार होता, पण पहिला हक्क दुसऱ्याच एकाचा होता, तो मागे सरला. त्याने वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर आपली चप्पल काढून बवाजाला दिली. व्यवहार पक्का. डिचोलीकर, ही तुमची पावती. यात सावकार कोण हा प्रश्न त्या लोकांना पडतच नाही. त्यांचा प्रश्न असतो, सोडवायला येणारा आपला कोण लागतो?

फोंड्याचा_फणस

पतसंस्थेत चप्पल ठेवून सोनं मिळेल का?

मांडवीपलीकडची

जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात चांदीचा एक पेलिकन आहे. पंख पसरलेला, मान खाली वाकवलेली. युरोपातली जुनी समजूत अशी की पिल्लं मेली की पेलिकन आपली छाती चोचीने फोडतो आणि रक्ताने त्यांना जिवंत करतो. खऱ्या पक्ष्याचं असं काही नसतं. शाळेच्या पोरांना घेऊन गेले होते, गाइड सांगत होता. एका तिसरीतल्या मुलीने विचारलं, "मग आई मेली की मग पिल्लं काय खातात?" गाइडला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

तर्ककर्कश

त्या मुलीला या धाग्याचं सदस्यत्व द्या.

नगरकर_वास्कोत

त्या मुलीचा प्रश्न म्हणजेच ईस्टर. पण मी आता भांडत नाही, उद्या सकाळी पाचला उपासना आहे.

डिचोलीकर (दहा दिवसांनी)

मंडळी, सगळं दोनदा वाचलं. ओवीवाल्यांचा गोएल सारखा डोक्यात राहिला.

काल आंटीच खिडकीवर आली, सुनेच्या बांगड्या सोडवायला. मागच्या पावसात सुनेने ठेवल्या होत्या, घराची कौलं बदलायला. सून आली नाही, अधिकारपत्र दिलं होतं. आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, 'सोडवणाऱ्याचे कर्जदाराशी नाते'. बावीस वर्षं तो मी न बघता भरतोय. काल 'सासू' लिहिताना पेन थांबलं. आंटीने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "आवय बरय." मी 'आई' लिहिलं. नियमात बसतं की नाही ते ऑडिटरला विचारा.

मूल्यांकनवाल्याने पाकिटाचं सील फोडलं, बांगड्या काट्यावर ठेवल्या, वजन जुळलं. आंटीने त्या तळहातावर घेऊन मुका घेतला. मग मी व्याजाचा आकडा सांगितला. चार दिवस जास्त झाले म्हणून पुढचा महिना लागला होता. तिने पर्स मिटली, माझ्याकडे बघितलं आणि सगळी रांग ऐकेल अशा आवाजात म्हणाली,

"देवान लेगीत इतलें व्याज घेवंक ना रे!"

पाव_आणि_भाजी

आंटीला नमस्कार सांगा. आणि सोरपोतेलाची जुनी पाकृ विचारून इथे टाका, रक्तासकट.